ट्रॅक बंद करणारा माणूस

गाणं सुरू होण्याआधी ते घर गरम ठेवणारा फर्नेस बंद करत. शिकागोजवळच्या नेपरव्हिलचा जानेवारी, बाहेर गुडघाभर बर्फ, तळघरात आम्ही पंधरा-वीस माणसं, आणि हे गृहस्थ जिना चढून वर जाऊन थर्मोस्टॅटची कळ दाबून येत. फर्नेसची घरघर काळी चारच्या किंचित खाली लागते आणि त्याचा हार्मोनियमला त्रास होतो, असं त्यांचं म्हणणं होतं. हार्मोनियमला होतो, माणसांना नाही. अर्ध्या तासात बायका पर्समधून हातमोजे काढत. एकदा एक जण जाकिटाची झिप हनुवटीपर्यंत ओढून उन्हाळ्यावरचं गाणं म्हणत होता. गृहस्थ त्याला म्हणाले, "ऊन लागत नाहीये मला." आम्हाला कुणालाच लागत नव्हतं.

सगळे त्यांना काका म्हणत, म्हणून मीही म्हणत असे. मला ते कधी आवडले नाहीत. माझा नवरा जाऊन आता दीड वर्ष होत आलं. त्याच्याबद्दल काही लिहावं म्हणून मी वही उघडते, आणि दर वेळी हेच गृहस्थ मध्ये येऊन बसतात. तेव्हा आधी त्यांना लिहून बाजूला करावं, एवढाच माझा हेतू आहे.

मूळचे परभणीचे. चाळीस वर्षं कुठल्याशा कंपनीत पुलांची ड्रॉइंग तपासली, म्हणजे दुसऱ्यांनी काढलेल्या रेघांतल्या चुका शोधल्या. निवृत्तीनंतर रेघा संपल्या, तेव्हा ते गाण्यांकडे वळले. महिन्यातून एका रविवारी दुपारी त्यांच्या तळघरात बैठक भरे. बैठक हा त्यांचा शब्द. आमच्या दृष्टीनं ती तपासणी होती.

त्यांचा स्वतःचा आवाज नाकातला. वरच्या सुरात गेला की कढईत उलथनं घासल्यासारखा येई. दोन ओळींमध्ये खोकला ठरलेला. ताल बरा होता, असं तबला वाजवणारे म्हणत, पण ते चहासाठी त्यांच्याकडेच येणारे लोक होते. असा माणूस इतरांना गाणं शिकवतो आणि माणसं पंचवीस-तीस मैल गाडी चालवून शिकायला येतात, याचं मला फार दिवस नवल वाटे. मग लक्षात आलं की परदेशात आपल्याला आपल्या भाषेत रागावणारं कुणी उरलेलं नसतं. काहींना त्याची गरज असते.

आत गेल्या गेल्या ते सगळ्यांचे फोन मागून घेत आणि एका जुन्या पाच लिटरच्या कुकरमध्ये ठेवून झाकण लावत. दुसरा नियम डोळ्यांचा होता. गाताना डोळे मिटायचे नाहीत. आपल्याकडे जरा बरं गाणारा माणूस पहिल्या आलापालाच डोळे मिटतो आणि मग थेट टाळ्यांना उघडतो. काका अशा माणसाला मध्येच थांबवत आणि विचारत, "झोप झाली का?" गाणाऱ्यानं समोरच्या एका माणसाकडे बघायचं आणि त्याला म्हणायचं. एकाच. सगळ्यांकडे बघतो म्हणणाऱ्याला ते विचारत, "निवडणुकीला उभा आहेस का?"

तिसरा आणि सगळ्यात मोठा राग ट्रॅकवर होता. इथल्या प्रत्येक मराठी घराच्या तळघरात आता कराओकेचं मशीन आहे. नुसत्या वाद्यांचा तयार ट्रॅक लावायचा, भिंतीवरच्या पडद्यावर शब्द रंग बदलत जातात, त्यांच्या मागून आपण पळायचं. काका म्हणत, "ती सकाळची शिकागोची ट्रेन आहे. तुम्ही धावत चढायचं. एखाद्या शब्दापाशी थांबावंसं वाटलं तर ती थांबणार आहे का?" हे मी त्यांच्या तोंडून किमान दहा वेळा ऐकलं असेल. अशी वाक्यं ते आधीपासून तयार ठेवत आणि पाळीपाळीनं वापरत.

नागपूरचा एक तरुण मुलगा येत असे, कुठल्या तरी बँकेच्या सॉफ्टवेअरवर काम करणारा. आवाज छान, खडा. त्यानं एकदा अंगाई निवडली आणि स्टेजवर म्हणावी तशी, हात पसरून, शेवटची ओळ वर खेचून म्हटली. आम्ही टाळ्या वाजवल्या. काकांनी कोपऱ्यात कार-सीटमध्ये झोपलेली त्याचीच चार महिन्यांची मुलगी उचलून त्याच्यासमोर आणून ठेवली आणि म्हणाले, आता हिला म्हण. तो बिचारा हसत हसत पुन्हा म्हणायला लागला. दुसऱ्या ओळीला ती जागी झाली आणि तिनं भोकाड पसरलं. काका आमच्याकडे वळून म्हणाले, "ही एकटी खरं बोलली."

सगळे हसले. माझा नवरा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. त्या मुलाची बायको हसली नाही. तिनं पोरीला उचललं आणि वर जाऊन बसली. वर काकू टीव्हीवर मालिका बघत होत्या. काकू बैठकीच्या वेळी कधीही खाली आल्या नाहीत. चहाचा ट्रे जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवत, तो आमच्यापैकी कुणी तरी आणे. ज्या माणसाला गाणं ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत बघून म्हटलंच पाहिजे असं वाटतं, त्याच्या घरातलं माणूस त्याच्या डोक्यावर दहा फुटांवर आवाज मोठा करून दुसरंच काही ऐकत बसे. हे त्यांना दिसत नव्हतं, की दिसून चालत होतं, मला माहीत नाही. मला मात्र ते दर वेळी दिसे आणि खरं सांगायचं तर त्यातून समाधान मिळे.

मी पुण्याला मराठी घेऊन एम.ए. केलं. इथे एका सार्वजनिक वाचनालयात पुस्तकांच्या नोंदी करते. कविता कागदावर पूर्ण असते, गाणारा फार तर तिला बिघडवू शकतो, असं माझं मत होतं. ते मी एकदा तिथे बोलून दाखवण्याची चूक केली. काका म्हणाले, "कागदावर पत्ता असतो, कवयित्री. माणूस घरी आहे की नाही, ते तिथं गेल्याशिवाय कळत नाही." कवयित्री हे त्यांनी मला चिडवायला ठेवलेलं नाव. त्याला कारण माझं एक गाणं होतं.

गाणं म्हणजे चारच ओळी. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात लिहिलेल्या. नवरा शिकागोला नोकरीला होता आणि साडेसहाला येतो म्हणून कधी आठला, कधी साडेनऊला येई. मी खिडकीपाशी बसून रस्त्यावरचा बर्फ काढणारी गाडी किती वेळा गेली ते मोजत असे. एका संध्याकाळी वहीत लिहिलं:

दार नुसतं लोटलंय, कडी लावली नाही
ये तुझ्या सवडीनं, मला घाई नाही
ताट झाकून ठेवलंय, कुणी जेवलं नाही
ये तुझ्या सवडीनं, मला घाई नाही

कुठल्याही विवाहित बाईला हे काय आहे ते सांगावं लागणार नाही. तो टोमणा होता, दात आवळून लिहिलेला. पुढे कधी तरी नवऱ्याला ती वही सापडली. त्यानं ओळी वाचल्या आणि त्याचा चेहरा असा उजळला की मी बोलायची थांबले. त्याला ते प्रेमाचं वाटलं. दार उघडं आहे, ताट झाकलेलं आहे, ये. त्यानं त्याला गोड चाल लावली. आवाज गोडच होता त्याचा. चार घरांत म्हटलं, मग महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीत म्हटलं, आणि दुसऱ्या वर्षीपासून ते मंडळाचं स्वागतगीत झालं. लोक बर्फातून, उशिरा, डबे सांभाळत येत आणि स्टेजवर माझा नवरा त्यांना सांगत असे की घाई नाही, ताटं झाकून ठेवली आहेत. कुणी तरी कीबोर्डवर त्याचा ट्रॅक बनवला, ढोलकी घातली, आणि 'घाई नाही'नंतर दोन टाळ्यांची जागा सोडली. पोरंसोरंसुद्धा त्या जागी बरोबर दोन टाळ्या देत.

दर वेळी तो त्या ओळीला गर्दीत मला शोधून माझ्याकडे बघे. मी हसत असे. तोवर सांगण्याची वेळ निघून गेली होती. त्याची ट्रेन मात्र उशिराचीच राहिली.

काकांकडे त्यानं हे गाणं म्हटलं तेव्हा काका त्याच्याकडे बघत नव्हते. ते माझ्याकडे बघत होते. नंतर चहाच्या वेळी मला बाजूला गाठून म्हणाले, "हे रागात लिहिलंयस तू."

मी नाही म्हटलं.

"नेपरव्हिलच्या दाराला कडी असते का? डेडबोल्टचं कुलूप असतं. कडी तू माहेरून काढलीस. नवरा गोड लागत असला की माहेर आठवत नाही."

मी म्हटलं, काका, तसं काही नाही. तर म्हणाले, "एकदा मी म्हणून दाखवतो सगळ्यांसमोर. कळू दे त्याला तो काय गातोय ते."

"प्लीज नको, काका."

"बघू," ते म्हणाले आणि चकली उचलून गेले.

ते 'बघू' मी नऊ वर्षं सांभाळलं. मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाला काका पुढच्या रांगेत बसलेले दिसले की मी त्यांच्यावर नजर ठेवून बसे. माणूस तत्त्वासाठी काहीही करेल अशातला होता आणि त्याचं तत्त्व काय, तर गाणं खरं म्हटलं पाहिजे. ते खरं झाल्यावर कुणाच्या घरात काय होईल, हे त्याच्या हिशेबात नव्हतं. माझ्या नवऱ्याला आयुष्यात एकाच गोष्टीचा गर्व होता, की त्याच्या बायकोनं त्याच्यासाठी गाणं लिहिलं.

तो गेला तो स्टेशनच्या पार्किंगमध्ये, ट्रेनमधून उतरून गाडीकडे चालत येताना. हृदय थांबलं. त्या संध्याकाळी मी त्याला तीन वेळा फोन केला, आणि तिसऱ्या वेळेपर्यंत मला काळजी नव्हे, राग आला होता. एवढंच लिहिते.

पंधरा दिवसांनी मंडळानं शोकसभा ठेवली. रविवारी दुपारी, नेहमीच्याच कम्युनिटी सेंटरमध्ये. अध्यक्षा मनानं चांगल्या बाई आहेत. त्यांनी आधी फोन करून विचारलं, "ताई, शेवटी त्यांचंच गाणं घेऊ या ना? ट्रॅक आहेच आपल्याकडे." मी हो म्हटलं. त्या दिवसांत मी सगळ्यालाच हो म्हणत होते.

चार जण समोर उभे राहिले. पडद्यावर त्याचा फोटो होता. ट्रॅक सुरू झाला. ढोलकी वाजली, तशीच, दिवाळीची. त्यांनी पहिल्या दोन ओळी म्हटल्या, 'घाई नाही' आलं, आणि सभागृहानं दोन टाळ्या वाजवल्या.

सगळ्यांनी नाही, निम्म्यांनी असेल. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. हात आपोआप उठले होते. एका बाईंचा एक हात दुसऱ्यापर्यंत पोचायच्या आत थांबला आणि तसाच हवेत राहिला. गाणारे चौघे कावरेबावरे झाले, पण ट्रॅक पुढे निघाला होता, म्हणून तेही निघाले. ताट झाकून ठेवलंय. पुन्हा ती जागा आली, आणि ट्रॅकनं ती रिकामी सोडलेली असल्यामुळे पुन्हा तीन-चार टाळ्या पडल्याच. माझी मुलगी, सतरा वर्षांची, मान खाली घालून स्वतःच्या बुटांकडे बघत होती.

काका पुढच्या रांगेतून उठले, टेबलापाशी गेले आणि लॅपटॉपची वायर उपटली. स्पीकरमधून फट्‌ असा आवाज आला. चौघांना त्यांनी हातानंच बसा म्हणून सांगितलं.

ते काय करणार ते मला कळलं. नवरा गेला होता. त्याच्यापासून लपवायचं आता काही नव्हतं. पण मुलगी तिथे होती. हे गाणं म्हणजे तिच्या दृष्टीनं तिचे आईबाबा होते. मी उठायला म्हणून पुढे सरकले, तोवर ते आमच्याकडे वळले होते.

त्यांनी घसा साफ केला आणि म्हणायला लागले. "दार नुसतं लोटलंय." 'नुसतं'वर त्यांनी जो दाब दिला तो मी ओळखला. वहीत लिहिताना माझी पेन्सिल तिथेच मोडली होती. मुलीनं मान वर केली. तिलाही ते वेगळं लागलं असावं. काका थांबले. खोकले. बराच वेळ खोकले. मग पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

या वेळी चाल जवळजवळ नव्हतीच. बोलल्यासारखं म्हटलं त्यांनी, मुलीकडे बघत. दार नुसतं लोटलंय. मग इतका वेळ गप्प राहिले की मागे कुणाची तरी खुर्ची वाजली. कडी लावली नाही. आणि मग, एखाद्या लहान मुलाला जिना उतरताना सांगावं तसं, ये तुझ्या सवडीनं. मला घाई नाही.

सतरा वर्षांहून अधिक काळ त्या दाराच्या आत मी बसलेली होते आणि बाहेरून यायचा होता तो. त्या दुपारी आत तो होता. तो आधी पोचला होता, आणि आम्हाला सांगत होता की धावत येऊ नका. शब्द एकही बदललेला नव्हता. मी तपासलं. मी तेवढंच करू शकत होते.

कुणी टाळी वाजवली नाही. घरी येताना गाडीत मुलगी म्हणाली, "बाबा सेड टेक युअर टाइम, राइट?" मी म्हटलं, हो. ती पंधरा दिवसांत पहिल्यांदा रडली.

कुणी तरी ते फोनवर घेतलं होतं. मी नंतर पाहिलं. नाकातला आवाज, खोकला, खुर्ची, मध्ये एअर कंडिशनरची घरघर. त्यात काहीही नाही. एक म्हातारा माणूस चार ओळी बेसूर म्हणतो आहे, एवढंच. तो व्हिडिओ मी ठेवलेला नाही.

महिन्याभरानं मी त्यांच्याकडे गेले. आभार मानायचे होते. नऊ वर्षं ज्या माणसाचा राग केला त्याचे आभार मानायला जाताना आपण किती मोठ्या मनाचे आहोत, असं वाटत राहतं. मी घरून वाक्यं जुळवून नेली होती. काका तळघरात खोकी भरत होते. मुलाकडे, मॉरिसव्हिलला कायमचे राहायला निघाले होते. मी म्हटलं, काका, तुम्ही त्या दिवशी जसं म्हटलंत, ते तुम्हाला कसं सुचलं?

ते खोक्याला टेप लावत होते. म्हणाले, "सुचलं कुठलं? मी टोमणा म्हणूनच म्हणायला उठलो होतो."

ते दुसऱ्या खोक्याकडे वळले.

"एकदा तरी ते गाणं खरं म्हटलं जावं म्हणून उठलो. त्या टाळ्यांनी डोकं फिरलं होतं. पहिल्या ओळीला तुझ्या पोरीनं वर बघितलं. तिच्या तोंडावर कसा म्हणणार टोमणा? मग जे आलं ते आलं."

म्हणजे माझी भीती खरी होती. तो माणूस माझ्या नवऱ्याच्या फोटोसमोर ते करायला उठला होता, आणि ते सांगताना त्याला काही वाटत नव्हतं. मी घरून आणलेली वाक्यं आता उपयोगाची नव्हती. कात्री कुठे गेली म्हणून ते माझ्या पायाशी शोधत होते. मला त्यांना काही तरी लागेल असं बोलायचं होतं. त्याऐवजी मी म्हटलं, "मग आता म्हणा. टोमणा म्हणून. मी लिहिलं तसं. वर काकू सोडल्या तर कुणी नाहीये."

मला ते ऐकायचं होतं, हे मला बोलल्यावर कळलं. ते गाणं तसं कुणीच कधी म्हटलं नव्हतं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळे न मिटण्याचा नियम ते स्वतः पाळत. म्हणाले, "टोमणा भिंतीला मारत नाहीत. ज्याला मारायचा तो कुठाय आता?"

नवरा रोज रात्री माझ्यासमोर जेवायला बसत असे. आठला, साडेनऊला, पण बसत असे. झाकलेलं ताट मीच उघडून देत असे. त्या चार ओळी त्याच्या तोंडावर म्हणायला मला एवढी वर्षं मिळाली होती. त्यानं ऐकलं असतं. कदाचित भांडला असता. कदाचित साडेसहाला पोचवणारी ट्रेन धरली असती.

"हे धर जरा," काका म्हणाले. त्यांनी टेपचं टोक माझ्या हातात दिलं आणि मी खोक्याच्या कडेवर बोट दाबून उभी राहिले, ते कापेपर्यंत.